बडोद्यातलं बंद घर आणि इंटरनेट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घर दांडिया बाजारात किंवा कारेलीबागेत, आणि राहणं न्यू जर्सीत, लंडनला नाहीतर टोरांटोला. वर्षातले नऊ-दहा महिने कुलूप, मग दिवाळी ते उत्तरायण (जानेवारीतली पतंगांची संक्रांत) घर भरलेलं. अशा घरांच्या मालकांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो: घरातलं इंटरनेट, तुमचा भारतीय मोबाइल नंबर आणि दाराचा कॅमेरा ही तीन वेगळी कामं आहेत. तिन्ही एकाच कनेक्शनवर टाकली की पैसे वर्षभराचे जातात आणि गैरसोयही होते.

१. आम्ही वर्षातून दोनच महिने येतो. वर्षभराचं ब्रॉडबँड ठेवावं का?

फक्त स्वतःच्या वापरासाठी असेल तर नको. ३९९ रुपये छापलेला ३० एमबीपीएसचा फायबर प्लॅन १८ टक्के जीएसटी धरून महिना ४७१ रुपयांना पडतो. वर्षाचे झाले साधारण ५,६५० आणि दोन महिन्यांचे ९४२. मध्ये दर वेळी नव्याने जोडणीचे हजारेक रुपये द्यावे लागले तरी निम्म्याहून जास्त वाचतात. वर्षभर कॅमेरा चालवायचा असेल किंवा वरच्या मजल्यावर कोणी राहत असेल, तर हिशेब बदलतो (प्रश्न १५ आणि १७).

२. मग मोबाइलच्या हॉटस्पॉटवर भागेल का?

दोन माणसं, व्हॉट्सअॅप कॉल, थोडं टीव्ही पाहणं, एवढं असेल तर भागतं. रोज २ जीबीचा ८४ दिवसांचा प्रीपेड प्लॅन साधारण ८५० ते १,००० रुपयांत मिळतो. घरात ५जीचा सिग्नल असेल तर अशा प्लॅनवर ५जी डेटा मोजला जात नाही. मात्र आधी घरात बसून तपासा. जुन्या शहरातल्या पोळीत (अरुंद गल्लीत) रस्त्यावर ५जी दिसतं आणि माजघरात ४जीवर येतं. ४जीवर आल्याबरोबर २ जीबीची मर्यादा सुरू. नातवंडं बरोबर असतील तर ती दुपारपर्यंत संपते.

हॉटस्पॉटसाठी जुना फोन वापरा, खिडकीत ठेवा आणि चार्जर सतत लावलेला असेल तर उन्हात ठेवू नका. बॅटरी फुगते.

३. स्पीड किती घ्यावा? दुकानदार १०० एमबीपीएसच्या खाली बोलतच नाही.

चांगल्या व्हिडिओ कॉलला ३ ते ४ एमबीपीएस लागतात, एचडी सिनेमाला ५, फोर-केला १५. एकाच वेळी दोन कॉल आणि एक टीव्ही धरला तरी ३० पुरतो. तक्रार बहुतेक वेळा प्लॅनच्या स्पीडची नसते, घरातल्या वायफायची असते (प्रश्न १०).

४. फायबर, एअरफायबर की गल्लीतला केबलवाला?

फायबर दारापर्यंत आलेला असेल तर फायबरच. एअरफायबर म्हणजे अगाशीवर (गच्चीवर) ५जीचा रिसीव्हर आणि तिथून खाली केबल. मांजलपूर, गोत्री, वासणा भागातल्या नव्या सोसायट्यांमध्ये गच्ची मोकळी असल्याने ते बरं चालतं. मासिक दर फायबरपेक्षा चढा असतो, साधारण ६०० आणि वर जीएसटी. जोडणीचे पैसे बहुधा लांब मुदतीच्या प्लॅनवरच माफ होतात, आणि लांब मुदत तुम्हाला नकोच आहे. म्हणून दोन महिन्यांसाठी तो महाग पडतो.

केबलवाल्याचा खरा फायदा माणसाचा आहे. महिना-महिना पैसे घेतो, नऊ महिन्यांनी फोन केला तर घर ओळखतो. विचारायचा प्रश्न एकच: "घरापर्यंत फायबर येतो का, की खांबावरच्या स्विचपासून लॅन केबल?" लॅन केबल असेल तर गल्लीतली लाइट गेली की तुमचं नेटही गेलं, मग तुमच्या घरात इन्व्हर्टर असो वा नसो.

५. कनेक्शन कोणाच्या नावावर घ्यायचं? माझ्याकडे अमेरिकन पासपोर्ट आणि ओसीआय (भारतीय मूळ असलेल्या परदेशी नागरिकाचं) कार्ड आहे.

ब्रॉडबँड इथे राहणाऱ्या विश्वासू नातेवाइकाच्या नावावर आणि तुमच्या घराच्या पत्त्यावर घेणं सगळ्यात सोपं. पत्त्यासाठी लाइटबिल किंवा महापालिकेच्या वेऱ्याची (घरपट्टीची) पावती चालते. त्या नातेवाइकाला हे नीट सांगून ठेवा की या कनेक्शनवर जे होईल त्याची विचारणा त्याच्याकडे होईल.

सिम मात्र स्वतःच्या नावावरच असावं. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी भारतीयाला आधारसाठी १८२ दिवसांच्या वास्तव्याची अट नाही, त्यामुळे आधार काढून सिम घेता येतं. ओसीआय असलेल्यांना आधारसाठी आधीच्या १२ महिन्यांत १८२ दिवस इथे राहिलेलं असावं लागतं. आधार नसेल तर पासपोर्ट, ओसीआय कार्ड किंवा व्हिसा, आणि ओटीपी घेण्यासाठी ओळखीच्या स्थानिक माणसाचा नंबर घेऊन कंपनीच्या स्वतःच्या दुकानात जा. कोपऱ्यावरच्या रिचार्जवाल्याला परदेशी पासपोर्टची पद्धत माहीत नसते आणि तो स्वतःच्या कागदांवर सिम देऊ करतो. ते घेऊ नका. पुढे नंबर बंद पडला तर तुमचा त्यावर काहीही हक्क राहत नाही.

६. किती दिवस आधी सांगून ठेवायचं?

आठ-दहा दिवस. दिवाळीच्या आठवड्यात आणि १४-१५ जानेवारीला माणूस मिळत नाही, म्हणून डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात काम उरकून घ्या. नातेवाइकाकडे किल्ली असू द्या, मेन स्विच चालू असू द्या, आणि फायबरचं यंत्र (मोडेम-राउटर) कुठे बसवायचं ते भिंतीचा फोटो काढून त्यावर खूण करून आधीच पाठवा. नाहीतर कारागीर दाराजवळच बसवून जातो.

७. निघताना कनेक्शन तोडायचं की तसंच सोडायचं?

प्रीपेड असेल तर रिचार्ज न करता सोडता येतं, पण ते अनंतकाळ टिकत नाही. काही काळाने कंपनी खातं बंद करते. शिवाय गल्लीतल्या फायबरच्या डबीत मोजकीच, बहुधा आठ, तोंडं असतात. तुमचं तोंड रिकामं दिसलं की ते दुसऱ्याला दिलं जातं. केबल घरात तशीच लटकत असते, पण पलीकडे कशालाच जोडलेली नसते. पुढच्या वर्षी "सगळं आहे तसंच आहे, तरी नेट नाही" असं होतं त्याचं कारण हे.

पोस्टपेड असेल तर "सेफ कस्टडी" मिळते का ते विचारा. काही महिने जुजबी पैशांत कनेक्शन राखून ठेवण्याची ही सोय काही कंपन्यांकडे आहे. कमाल मुदत किती, हे आधी लेखी घ्या. आणि पोस्टपेड न सांगता कधीच सोडू नका. बिलं चढत राहतात आणि वसुलीचे फोन ज्याच्या नावावर कनेक्शन आहे त्या बिचाऱ्या नातेवाइकाला जातात.

कायमचं बंद करणार असाल तर यंत्र परत केल्याची पावती घ्या. अनामत रक्कम त्या पावतीशिवाय सुटत नाही.

८. दर वर्षी आलो की सिम मेलेलं असतं. नंबर जिवंत कसा ठेवायचा?

या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. नेट चार दिवस नसलं तर चालतं. नंबर गेला तर बँक, आधार, गॅस, प्राप्तिकर, सगळ्यांचे ओटीपी जातात आणि एकेक बदलायला शाखांमध्ये खेटे घालावे लागतात.

नियम असा. सलग ९० दिवस नंबरचा कॉल, एसएमएस, डेटा असा कुठलाच वापर झाला नाही, तर कंपनी तो बंद करू शकते. ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) २०१३ च्या तरतुदीप्रमाणे प्रीपेड खात्यात २० रुपये शिल्लक असतील तर ते कापून ३० दिवस वाढतात, पुन्हा २० असतील तर पुन्हा ३०. तेही संपले तर १५ दिवसांची सवलत असते. कायमचा बंद झालेला नंबर निदान ९० दिवस दुसऱ्या कोणाला दिला जात नाही. त्यानंतर तो अनोळखी माणसाच्या खिशात जाऊ शकतो, आणि तुमच्या बँकेचे मेसेजही.

शिल्लक २० रुपयांवर नंबर राहतो, पण चालू प्लॅन नसेल तर मेसेज येणं थांबू शकतं. म्हणून ओटीपी हवे असतील तर प्लॅन चालूच ठेवावा लागतो. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएसचे, ३६५ दिवसांपर्यंत मुदतीचे पॅक द्यायला सांगितलं. तुमच्यासाठी तेच योग्य आहे. वर्षभराचा डेटाचा पॅक घेणं म्हणजे कुलपातल्या घरासाठी दूध लावणं.

निघण्याच्या आदल्या दिवशी कंपनीच्या अॅपमध्ये दोन गोष्टी पाहा: प्लॅन कधी संपतो, आणि ती तारीख पुढच्या येण्याच्या नंतरची आहे का.

९. प्लॅन चालू आहे, तरी परदेशात ओटीपी येत नाही.

इंटरनॅशनल रोमिंग बंद असतं. ते भारतातून निघण्याआधीच चालू करा, कारण तिकडे गेल्यावर चालू करायला लागणारा ओटीपी त्याच सिमवर येतो. त्याच वेळी फोनमध्ये त्या सिमचं डेटा रोमिंग बंद ठेवा, नाहीतर मोठं बिल येतं. परदेशात परतल्यावर विमानतळावरच सिम नेटवर्क पकडतं का ते बघा आणि बँकेचा एक ओटीपी मागवून पाहा.

यूपीआयपुरतं दुसरं उत्तर आहे. अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, सिंगापूर, संयुक्त अरब अमिरात अशा काही देशांच्या नंबरवर एनआरई किंवा एनआरओ (अनिवासी भारतीयांचं) खातं जोडून यूपीआय चालवता येतं. तुमची बँक ही सोय देते का ते विचारून घ्या. बँकेसाठी चुलतभावाचा नंबर देण्याचा मार्ग मात्र धरू नका. माणूस कितीही चांगला असो, त्याचा फोन हरवू शकतो.

परदेशी प्रवाशांसाठी असलेल्या ट्रॅव्हल ई-सिमने हा प्रश्न सुटत नाही. त्यात डेटा असतो, भारतीय नंबर नसतो. पहिल्या दोन दिवसांची सोय म्हणून ठीक, पण ते परदेशातलं घर सोडण्याआधीच विकत घ्या आणि फोनमध्ये बसवा. अशा काही कंपन्यांची संकेतस्थळं आणि अॅप जानेवारी २०२४ मध्ये भारतात अडवली गेली.

१०. खाली नेट पळतं, माडीवर काहीच येत नाही.

जुन्या घरांच्या विटा-चुन्याच्या भिंती दीड-दोन फूट जाड असतात. ५ गिगाहर्ट्झचं वायफाय अशी एक भिंत कसंबसं ओलांडतं, दोन नाही. २.४ गिगाहर्ट्झ थोडं पुढे जातं, पण शेजारच्या दहा घरांचं वायफायही त्याच पट्टीत असतं.

प्लगमध्ये खोचायचा रिपीटर घेऊ नका. तो अर्धमेला सिग्नल घेऊन अर्धमेलाच पुढे देतो. जिन्याच्या कडेने कॅट-६ (लॅन) केबल वर न्या आणि तिथे साधा राउटर अॅक्सेस पॉइंट (नुसतं वायफाय पसरवणारा) म्हणून लावा. बहुतेक वाड्यांना २० ते २५ मीटर केबल पुरते, तांत्रिक मर्यादा १०० मीटर आहे. एकदा घातलेली केबल पुढची पंधरा वर्षं तशीच राहते, कंपनी कितीही वेळा बदला.

११. राउटर अमेरिकेहून आणू का?

आणू शकता, पण अडाप्टरवरची बारीक अक्षरं वाचा. इनपुट १००–२४० व्होल्ट लिहिलेलं असेल तर फक्त पिन बदलणारा प्लग लागतो. नुसतं १२० लिहिलं असेल तर इथल्या २३० व्होल्टला तो पहिल्याच मिनिटाला जळतो. कंपनीचं फायबरचं यंत्र काढून तिथे तुमचा राउटर बसत नाही. तो त्याच्या मागे लॅन केबलने जोडा आणि अॅक्सेस पॉइंट मोडवर ठेवा.

१२. यंत्रावर लाल दिवा लागलाय. फोनवर "राउटर बंद-चालू करा" एवढंच सांगतात.

"एलओएस" नावाखालचा दिवा लाल म्हणजे यंत्रापर्यंत प्रकाशच पोचत नाही. कितीही वेळा बंद-चालू केलं तरी उपयोग नाही, तार कुठेतरी तुटली किंवा वाकली आहे. "पीओएन" हिरवा आणि स्थिर असून नेट नसेल तर तार चांगली आहे, घोटाळा खात्याचा किंवा कंपनीच्या बाजूचा. तक्रार करताना हा फरक सांगा: "एलओएस लाल आहे, लाइनमन पाठवा." एक फेरी वाचते.

लाइनमन येण्याआधी एवढं करा. यंत्राच्या मागे हिरव्या टोपीची पिन आहे, ती काढून पुन्हा टक् आवाज येईपर्यंत बसवा. टोकाला बोट लावू नका, आत डोकावून पाहू नका. मग केबल भिंतीच्या कडेने हाताने चाचपा. दरवाज्यात चेपली असेल, खिळ्याला काटकोनात वळवली असेल, तर तिथे सैल गोलाई द्या.

लाइनमन आला की त्याच्या मीटरवरचा, तारेतून प्रकाश किती पोचतो त्याचा आकडा विचारा. उणे १५ ते उणे २४ डीबीएम असेल तर उत्तम. उणे २७ च्या आसपास असेल तर आज चालू होईल आणि चार दिवसांत पुन्हा बंद पडेल. सांधा नव्याने करून घेतल्याशिवाय त्याला सोडू नका.

१३. दर उत्तरायणला नेट जातं. काही उपाय?

अगाशीवरून आडवी गेलेली ती काळी चपटी केबल जवळून पाहा. दोन बाजूंना ताण घेणाऱ्या तारा आणि मधोमध काचेचा एक धागा, १२५ मायक्रॉनचा, केसाएवढा. कापलेला पतंग केबलवर अडकतो, वरून कोणी मांजा खेचतं, केबलला पीळ बसतो. वेष्टण शाबूत, ताराही शाबूत, आतला धागा मात्र तुटलेला. बाहेरून काहीच दिसत नाही. त्यात दोन दिवस अगाशीवर चाळीस माणसं, म्हणजे केबल पायाखालीही येते.

जोडणी करतानाच केबल गच्चीवरून न नेता सज्जाखालून किंवा भिंतीच्या कडेने पाइपातून न्यायला सांगा. पाच-सहा मीटर केबल जास्त लागते, तेवढे पैसे द्या. जी घातलेली आहे ती १३ तारखेआधी कठड्याच्या बाहेरच्या बाजूला बांधून घ्या. तरी तुटली तर १६ तारखेपर्यंत हॉटस्पॉटवर राहायची तयारी ठेवा, म्हणजे सिममध्ये डेटा असू द्या.

१४. लाइट गेल्यावरही नेट हवं. आणि पावसाळ्यात बंद घराचं काय?

फायबरचं यंत्र बहुधा १२ व्होल्टवर चालतं, अॅम्पिअर १, १.५ किंवा २. अडाप्टरवर लिहिलेलं असतं, ते पाहून १२ व्होल्टचा छोटा राउटर यूपीएस घ्या. दोन-तीन तास निघतात. जाताना त्याची बॅटरी अर्धी भरलेली ठेवून तो काढून ठेवा. पूर्ण रिकामी लिथियम बॅटरी नऊ महिने पडली की परत उठत नाही.

पावसाळ्याच्या आधी निघत असाल तर यंत्राचा अडाप्टर आणि एअरफायबरची अगाशीवरून येणारी केबल, दोन्ही काढून ठेवा. नुसतं बटण बंद करून वीज पडल्याचा झटका थांबत नाही. तळमजल्याचं घर असेल तर यंत्र जमिनीपासून पाच फुटांवर लावा. काळाघोडा पुलापाशी विश्वामित्रीची धोक्याची पातळी २६ फूट आहे, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये नदी ती केव्हाच ओलांडून घराघरांत शिरली होती. टीव्हीच्या टेबलामागे जमिनीवर ठेवलेली यंत्रं पहिल्याच फुटात गेली.

१५. बंद घरावर कॅमेऱ्याने लक्ष ठेवायचं आहे. त्यासाठी ब्रॉडबँड लागेलच का?

एक-दोन कॅमेरे असतील तर नाही. सिमवर चालणारा कॅमेरा पुरतो, पण रेकॉर्डिंग कार्डावर करा, सतत क्लाउडवर नको. हिशेब असा: १ एमबीपीएसचं चित्र अखंड पाठवलं तर दिवसाला १०.८ जीबी. तेच कार्डावर साठवलं आणि तुम्ही रोज अर्धा तास पाहिलं तर फक्त २२५ एमबी. ६४ जीबीच्या कार्डात अखंड रेकॉर्डिंगचे पाचेक दिवस मावतात. हालचाल झाल्यावरच रेकॉर्ड करायला लावलं तर महिनाही निघतो.

चार-आठ कॅमेऱ्यांचा डीव्हीआर (रेकॉर्डिंग साठवणारा डबा) असेल तर वर्षभराचा सगळ्यात स्वस्त फायबर प्लॅन घ्या. इथे तीन चुका नेहमी होतात.

पहिली, जाताना मेन स्विच बंद करून जातात आणि मग कॅमेरा दिसत नाही म्हणून विचारतात. वायरमनकडून कॅमेरा आणि यंत्रासाठी वेगळा एमसीबी (स्वतंत्र स्विच) काढून घ्या, बाकी घर बंद ठेवा.

दुसरी, कॅमेरेवाला "पोर्ट फॉरवर्डिंग करून देतो" म्हणतो, म्हणजे बाहेरून इंटरनेटवरून थेट डीव्हीआरपर्यंत वाट. घरगुती कनेक्शनला बहुतेक वेळा स्वतःचा सार्वजनिक आयपी पत्ता नसतो, एकाच पत्त्यामागे अनेक घरं असतात. त्यामुळे ते चालत नाही. डीव्हीआर अॅपवरून क्यूआर कोडने जोडणारा हवा. कारखान्यातून आलेला पासवर्ड त्याच दिवशी बदला.

तिसरी, राउटर अडकतो आणि चालू करायला घरात कोणी नसतं. टायमर लावून रोज पहाटे चार वाजता पंधरा मिनिटं त्याची वीज तोडा. टायमर डिजिटल आणि आत बॅटरी असलेला घ्या. चक्रीचा टायमर लाइट गेली की थांबतो, आणि महिनाभरात त्याचे पहाटेचे चार भरदुपारी वाजू लागतात.

१६. इथून ऑफिसचं काम करायचं आहे.

हिवाळ्यात न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ म्हणजे इथले संध्याकाळचे साडेसात. त्यानंतर दुरुस्तीला कोणी येत नाही. म्हणून दोन वेगळ्या कंपन्या हव्यात: फायबर एकाचा, सिम दुसऱ्याचं. फायबर बंद पडला की फोनचा हॉटस्पॉट. ऑफिसचा व्हीपीएन जोडला जाऊन मध्येच गोठत असेल तर आयटीवाल्यांना एमटीयू (डेटाच्या एका पाकिटाचा कमाल आकार) १,४०० पर्यंत खाली आणायला सांगा. भारतातून काम करण्याची परवानगी नोकरी देणाऱ्याकडून आधी लेखी घ्या, काही कंपन्या परदेशातला लॉगिन थेट अडवतात.

१७. वरच्या मजल्यावर भाऊ राहतो. त्याचंच नेट वापरलं तर?

एका घरातल्या दोन मजल्यांसाठी हा सगळ्यात चांगला मार्ग. कॅट-६ केबल खाली आणा, तुमच्यासाठी गेस्ट नेटवर्क करा म्हणजे त्याचे टीव्ही, प्रिंटर तुमच्या पाहुण्यांच्या फोनमध्ये दिसत नाहीत. घरगुती प्लॅनमध्ये महिन्याला ३,३०० जीबीची मर्यादा सर्रास असते, ती दोन कुटुंबांना संपत नाही. तुम्ही असाल त्या महिन्यांचं बिल तुम्ही भरा.

भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याबरोबर हे करू नका. वेगळ्या घराला जोडणी वाटून देणं कंपनीच्या अटींत सहसा बसत नाही.

१८. परदेशी कार्डावरून रिचार्ज होत नाही.

बरीच परदेशी कार्डं इथल्या अॅपवर नाकारली जातात. एनआरओ खात्याच्या नेटबँकिंगवरून किंवा यूपीआयवरून करा (प्रश्न ९).

१९. फोन आणि ब्रॉडबँड दोन्ही वडिलांच्या नावावर होते, ते गेल्या वर्षी वारले. आता?

घाईने काहीही बंद करू नका. त्यांचा मोबाइल नंबर आधी किमान प्लॅनवर चालू ठेवा. त्यावर कोणत्या बँका, विमा, गॅस, लाइटबिल यांचे मेसेज येतात याची महिनाभर यादी करा. ते मेसेज फक्त वाचायचे. त्यावर येणारा ओटीपी वापरून त्यांच्या खात्यातून व्यवहार करायचा नाही, खात्याचं काम बँकेत वारस म्हणून होतं.

मग कंपनीच्या दुकानात मृत्यूचा दाखला, तुमचं ओळखपत्र, नात्याचा पुरावा आणि बाकीच्या वारसांचं संमतीपत्र घेऊन नाव बदलून घ्या. आईच्या नावावर करायचं असेल तर तिला बरोबर न्यावं लागतं, कारण केवायसीसाठी समोर फोटो काढतात. आईला चालवत नसेल तर घरी येऊन केवायसी करतात का ते आधी फोन करून विचारा. ब्रॉडबँडसाठी हा खटाटोप करायची गरज नाही. ते थकबाकी भरून, यंत्र परत करून बंद करा आणि नवं घ्या. जुना लँडलाइन नंबर नातेवाइकांना पाठ असेल आणि तो राखायचा असेल, तर मात्र आधी नाव बदला आणि नंतरच त्याच नंबरवर फायबर मागा.